कुणी आहे का आत

कामशेत सुटल्यावर रेणुकानं प्रवेशपत्र पुन्हा एकदा बघावं म्हणून पर्समध्ये हात घातला आणि हाताला ग्रंथालयाची किल्ली लागली. रोजचीच किल्ली. पितळी, डोक्याशी झिजलेली, लाल सुतळीत ओवलेली. पण बोटं तिच्यावर टेकली आणि तिथंच थांबली. चैताली बाहेर आली होती का?

डब्यात तुरळक माणसं होती. समोरच्या बाकावर एक म्हातारी पायाशी कैऱ्यांची पाटी ठेवून पेंगत होती. खिडकीतून एप्रिलचा गरम वारा येत होता. रेणुकानं किल्ली मुठीत धरली आणि सकाळ पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली. शनिवार, शाळा सकाळची. शेवटचा तास सहावीचा, वाचनाचा. मळवलीजवळच्या त्या शाळेत ती मराठी शिकवायची आणि दोन वर्षांपासून ग्रंथालयही तिच्याकडे होतं. पावणेअकराला घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून पळाली. देवघेवीच्या वहीत तिनं चौदा सह्या घेतल्या. चैतालीची सही त्यात नसायचीच, कारण ती पुस्तक घरी न्यायची नाही. एकदा नेलेलं पुस्तक घरी छपराखाली भिजलं, तेव्हापासून ती तिथंच वाचायची. शेवटच्या कपाटाच्या मागं, कपाट आणि भिंत यांच्यातल्या सापटीत फरशी गार असते, तिथं पाय पोटाशी घेऊन बसायची. दर शनिवारी रेणुका मागं जायची, ‘चल गं, ऊठ’ म्हणायची, आणि ती मुलगी पानाचा कोपरा न दुमडता, नुसता आकडा लक्षात ठेवून उठायची. आज रेणुका मागं गेली नव्हती. आज सव्वाअकराची लोकल पकडायची होती, कारण तिच्यानंतर दुपारभर गाडी नव्हती, आणि दोन वाजता पुण्यात परीक्षा होती. आज तिनं दाराची एक झडप ओढली, दुसरी ओढली, रिवाजाप्रमाणं विचारलं, “कुणी आहे का आत?” आणि कुलूप लावलं.

विचारणं आणि कुलूप यांच्यात किती वेळ गेला होता? तिनं तो मोजून बघायचा प्रयत्न केला. कडी सरकवायला एक क्षण. कुलूप अडकवायला एक. आणि त्या दोन्हींच्या मध्ये आणखी एक क्षण होता, ज्यात तिचा हात थांबला होता. का थांबला होता? तिथं तिची आठवण हातातून निसटल्यासारखी होत होती. काहीतरी आवाज झाला होता. स्टूल सरकल्यासारखा. किंवा पान उलटल्यासारखा. किंवा कुणी बोलल्यासारखा. तो तिला आता, धावत्या गाडीत, इतका स्पष्ट ऐकू येत होता की तो खरा होता की आत्ताच भीतीनं तयार केला, हे तिला ठरवता येईना. सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी. शाळा मंगळवारी उघडणार होती. पत्र्याचं छप्पर. आत पाण्याचा माठ नाही, कारण पुस्तकांना ओल लागते म्हणून तो तिनंच बाहेर ठेवायला लावला होता.

ऐकू न येण्याची विद्या तिनं कष्टानं मिळवली होती. जुने ग्रंथपाल निवृत्त झाले तेव्हा संस्थेनं तिला सांगितलं होतं, तूर्त तुम्ही सांभाळा, ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी झाली की शिक्षक-ग्रंथपाल म्हणून कायम करू, पण यंदाच्या जूनच्या आत. कंत्राटावर नऊ वर्षं काढलेल्या बाईला कायम हा शब्द ऐकून रात्री झोप येत नाही. तिनं दूरशिक्षणाचा अर्ज भरला. तळेगावातलं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची मालिका, आतल्या खोलीत रात्रपाळी करून आलेला नवरा अतुल झोपलेला, आणि सात वर्षांची लेक कोमल दोन्हीकडे. अभ्यास करायचा तो ओट्याशी उभं राहून. पोळपाटाच्या वर, डब्यांच्या फळीला तिनं पुस्तकांच्या वर्गांकांचे कागद चिकटवले होते. सुरुवातीला कुकरची शिट्टी झाली तरी डोक्यातली ओळ तुटायची. मग हळूहळू तिनं कानांवर झाकण घालायला शिकून घेतलं. शिट्ट्या हात मोजायचे, डोकं मोजायचं नाही. सासूबाई बोलत राहायच्या, ती हं हं म्हणत राहायची, आणि आत आपलं वाचत असायची. अतुल शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचा, “हिच्या कानाशी ताशा वाजवा, हिला पत्ता लागत न्हाई.” तिलाही ते कौतुक आवडायचं.

एकदा कोमलच्या डोळ्यांत साबण गेला होता. ती मोरीतून हाका मारत होती. शेवटी तशीच ओली, लाल डोळ्यांनी ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी किती हाका मारल्या.” रडली नव्हती. फक्त माहिती दिल्यासारखं म्हणाली होती. रेणुका तेव्हा हसली होती आणि पदरानं तिचं तोंड पुसलं होतं. ते हसणं आता तिला आठवलं आणि नकोसं झालं. तरी ती हाक तिला खरंच ऐकू आली नव्हती. पण आज सकाळची? आज सकाळी कोमलला ताप होता. चादरीतून ती म्हणाली होती, “आई, जाऊ नको ना.” रेणुका दारात चपलेचा पट्टा लावत होती. ती हाक तिला ऐकू आली होती. शब्दन् शब्द ऐकू आला होता. आणि तिनं पट्टा लावला, पर्स उचलली आणि ऐकू न आलेल्या बाईसारखी जिना उतरली. म्हणजे झाकण होतं ते एक, आणि झाकणाचं नाटक होतं ते दुसरं. या दोहोंच्या मधली रेघ कुठं होती, ती कधी पुसली गेली, हे तिला सांगता येईना. आणि ग्रंथालयाच्या दारात जे झालं ते कोणतं होतं, हे तर मुळीच सांगता येईना.

तिनं मुख्याध्यापकांना फोन लावला. बंद होता. ते लग्नाला नगरकडे गेले होते. चैतालीच्या घरचा नंबर तिच्याजवळ नव्हता. मग शाळेचे शिपाई मारुतीभाऊ. चौथ्यांदा लावल्यावर त्यांनी उचलला. मागं हलगी वाजत होती.

“मारुतीभाऊ, रेणुका बोलतेय. शाळेतून निघालात कधी तुम्ही?”

“आं? जत्रंत हाय बाई मी. सासुरवाडीला. पवनानगरच्या फुडं.”

“निघालात कधी म्हणते मी?”

“तुमी गेलाव का लगीच. फाटक लावलं न् गाडीला किक मारली. का वं?”

“ग्रंथालयाकडे बघितलं होतं का?”

“तुमी कुलूप लावलंवतं की. म्या लांबनं बघितलं. काय ऱ्हायलंय का तुमचं तितं?”

तिच्या तोंडात उत्तर तयार होतं. मुलगी राहिलीय बहुतेक, असं म्हणायचं होतं. हलगीचा ठेका वाढला. तिला पुढचं सगळं एका क्षणात दिसलं: मारुतीभाऊ जत्रेत चार जणांना सांगणार, ते चौघं आणखी चौघांना, आणि मग संध्याकाळपर्यंत मळवलीत, भाजे गावात, कार्ल्यात एकच वाक्य फिरणार.

“काही नाही,” ती म्हणाली. “सहज विचारलं.”

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. आत एक मूल असेल, आणि ही बाई आपलं नाव सांभाळतेय. गाडीचा वेग कमी होत होता. कान्ह्याचं फलाट आलं. तिनं अजून काही ठरवलं नव्हतं. वर्गीकरणाचं प्रात्यक्षिक आज चुकलं की पुढची संधी सहा महिन्यांनी, आणि संस्थेची मुदत जूनपर्यंत. मुलगी बहुतेक घरी गेली असेल. शंभरातले नव्वद हिस्से घरीच गेली असेल. मूल आपण आत आहोत म्हणून गप्प थोडंच बसेल, ओरडलं असतं, दार बडवलं असतं. हे सगळं ती स्वतःला समजावत होती आणि तिचे पाय मात्र फलाटावर उतरले होते. म्हातारीनं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. गाडी गेली.

फलाट रिकामं झालं तेव्हा तिला वडील आठवले. ते रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज रुळाच्या कडेनं चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकून बघायच्या, सैल झालेली पक्की करायची. कामशेतच्या क्वार्टरमध्ये एकदा ते जेवायला बसले होते. दुसरा घास हातात असताना थांबले. म्हणाले, पुलाच्या अलीकडची एक चावी ठोकली का नाही, ते आठवत नाही. आईनं म्हटलं, जेवा, मग जा. ते घास ताटात ठेवून उठले आणि अडीच किलोमीटर चालत गेले. परत आले तेव्हा भाकरी कडक झाली होती. आईनं विचारलं, सैल होती का? ते म्हणाले, पक्की होती. आता जेवण जाईल. रेणुका तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. तिला ते त्या दिवशी फार भित्रे वाटले होते.

कान्हे फाट्यापर्यंत ती जवळजवळ पळतच गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. फाट्यावर लोणावळ्याकडे जाणारी जीप भरायची थांबली होती. आत चार माणसं बसलेली, चालक दहा झाल्याशिवाय हलायला तयार नाही. ती मागच्या बाकावर बसली. फोन वाजला. सासूबाई, कस्तुराबाई.

“रेणुका, पोचलीस का गं पुन्याला?”

“अजून नाही.”

“कोमलीचा ताप उतरलाय जरा. पेज घेतली दोन घोट. तू काळजी करू नको, नीट लिही. अतुल्या म्हनला, तिला फोन करून तरास देऊ नको, पर मला ऱ्हावलं न्हाई.”

रेणुकाला एकदम रडू आलं. रोज टोमणे मारणाऱ्या सासूबाईंनी आजच हे म्हणावं. “बरं,” ती म्हणाली. तिला सांगायचं होतं की मी पुण्याला नाहीये, मी कान्ह्याच्या फाट्यावर एका जीपमध्ये बसलेय आणि ही जीप हलत नाहीये.

“दादा, निघा ना हो. लहान मूल अडकलंय,” ती चालकाला म्हणाली. ते वाक्य पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं गेलं. तिच्या बाजूच्या माणसानं वळून बघितलं.

“कुटं अडकलंय?”

“शाळेत.”

चालकानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गाडी चालू केली.

कामशेतचा बाजार, पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगाला चिक्कीची दुकानं, शनिवारच्या सुट्टीला निघालेल्या पुण्यामुंबईच्या गाड्यांची रांग. गाडी थांबत होती, सरकत होती, थांबत होती. कुठल्याशा गाडीतून गाणं ऐकू येत होतं आणि एक मूल खिडकीतून डोकं बाहेर काढून कणीस खात होतं. रेणुकाला ग्रंथालयाचा पत्रा दिसत होता. दुपारी तो तडतड वाजतो. ती स्वतः एप्रिलात बारानंतर तिथं दहा मिनिटं बसू शकत नाही. चैताली किती लहान आहे, सहावीत असून चौथीतली वाटते. तिला दम लागतो का? कधी चक्कर आली होती का? तिला त्या मुलीबद्दल काहीच माहीत नव्हतं. कुठली पुस्तकं वाचते ते माहीत होतं, कितव्या पानावर आहे ते माहीत होतं, आणि बाकी काही नाही. मागच्या महिन्यात परीक्षेच्या तयारीसाठी तिनं एक निबंध लिहिला होता, शालेय ग्रंथालय आणि वाचक यांच्यातलं नातं. त्यात तिनं चैतालीचं उदाहरण दिलं होतं. नाव न घेता. मार्गदर्शकांनी समासात ‘छान’ असं लिहिलं होतं.

कार्ला फाट्यावर ती उतरली आणि तिथून मळवलीची रिक्षा केली. शाळेचं फाटक बंद होतं. फाटकाची किल्ली मारुतीभाऊंकडे. तिनं पर्स आत टाकली, ओढणी कमरेला बांधली आणि मागच्या बाजूनं, जिथं कुंपणाची भिंत ढासळलेली आहे, तिथून चढली. मैदान पांढरं झालं होतं. एकही आवाज नव्हता. तिला वाटलं होतं, दार बडवल्याचा, रडल्याचा आवाज येईल, आणि तो येऊ नये म्हणून ती वाटभर मनात विनवण्या करत आली होती. आता तो येत नव्हता, आणि ते अधिक भयंकर होतं. “चैताली,” तिनं लांबूनच हाक मारली. “चैताली, मी आलेय गं.” आतून काही नाही. घाईत किल्ली कुलपात उलटी गेली. तिनं ती काढून सरळ केली. कुलूप निघालं.

आत भट्टी होती. पुस्तकांचा, तापलेल्या पत्र्याचा, उंदरांच्या औषधाचा वास. ती कपाटांच्या रांगेतून मागं गेली. शेवटच्या कपाटापाशी थांबली. पुढचं एक पाऊल टाकायला तिला जितका वेळ लागला तितका तिला आयुष्यात कशालाच लागला नव्हता. मग तिनं बघितलं.

सापटीत कुणी नव्हतं. फरशीवर एक पुस्तक उघडं, पालथं पडलं होतं. चैताली कधीही पुस्तक पालथं टाकत नसे. आणि मागच्या खिडकीखाली वरच्या कप्प्यांसाठी वापरायचं लोखंडी स्टूल उभं होतं. खिडकीचं दार उघडं. खिडकीचा एक गज खालून गंजून सुटलेला होता, तो बाहेरच्या बाजूला वाकवलेला होता. त्याच्या टोकावर तपकिरी काहीतरी सुकलं होतं. रेणुकानं त्याला बोट लावलं नाही.

म्हणजे होती. आत होती. आता त्यात नव्वद हिस्से आणि दहा हिस्से उरले नव्हते. ती स्टुलावर चढली आणि बाहेर वाकून बघितलं. खाली दगडांचा ढीग, पलीकडे घाणेरीचं रान. कुणी पडलेलं नव्हतं. तिनं जमिनीकडे इतकं निरखून बघितलं की तिला दगडांवरच्या मुंग्यासुद्धा दिसल्या. मग ती उतरली, दार तसंच उघडं टाकून चैतालीच्या गावाकडे, भाजे गावाच्या दिशेनं निघाली. द्रुतगती महामार्गावरच्या पुलावरून जाताना खालच्या गाड्यांच्या आवाजानं पूल थरथरत होता. चैताली या पुलावरून एकटी गेली असेल, रक्त आलेल्या हातानं. गेली असेल ना?

विचारत गेल्यावर सापडलेलं चैतालीचं घर गावाच्या पलीकडच्या टोकाला, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत होतं. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिची आई शालन पिठलं-भाकरी करून द्यायची. पुढच्या पडवीत दोन मेजं मांडली होती, त्यांतल्या एकावर ट्रेकला आलेली चार पोरं जेवत होती. मागच्या बाजूला चूल. चुलीपुढं शालन भाकरी थापत होती, आणि तिच्या शेजारी पाटावर बसून चैताली कांदे चिरत होती. उजव्या कोपराला जुन्या साडीची पट्टी बांधलेली होती.

रेणुका उंबऱ्यातच खाली बसली.

“अगं बया, बाई!” शालन म्हणाली. “हितं कशा तुमी? उनाच्या? चैते, पानी दे बाईस्नी.”

चैतालीनं तांब्या आणून दिला. रेणुकाच्या डोळ्यांकडे तिनं बघितलं नाही.

“हिच्या हाताला काय झालं?” रेणुकानं विचारलं. आपला आवाज तिला अनोळखी वाटला.

“पडली म्हनं शाळंच्या कुंपनावरनं. सरळ फाटकातनं यायचं सोडून माकडावानी चढत्यात.” पडवीतून कुणीतरी ठेचा मागितला. शालन हात पुसून ठेच्याची वाटी घेऊन बाहेर गेली.

चुलीपुढं त्या दोघीच राहिल्या. रेणुकानं हळूच विचारलं, “खिडकीतून आलीस?”

चैतालीनं मान हलवली.

“मला हाक मारलीस?”

“व्हय.” तिनं सुरी खाली ठेवली. “तुमी इचारलं, कुनी हाय का आत. मी म्हनलं, मी हाय बाई. मग तुमी थांबला. मला वाटलं उगडताय आता. मग कुलपाचा आवाज आला.”

“मग?”

“मग मी आनखी येकदा हाक मारली. मग तुमच्या चपलांचा आवाज लांब गेला.” तिनं थोडं थांबून, आवाज आणखी खाली आणला. “मी आयला न्हाई सांगितलं. कुनालाच न्हाई सांगनार बाई. तुमची परीक्षा हाय न्हवं आज?”

परीक्षेचं रेणुकानंच वर्गात सांगितलं होतं. मुलांना सांगितलं होतं, बघा, मोठं झाल्यावरसुद्धा अभ्यास करावा लागतो. आता ही अकरा वर्षांची पोर ती परीक्षा सांभाळत होती. गजात हात कापून घेऊन, घरी येऊन, आईशी खोटं बोलून, कांदे चिरत बसून सांभाळत होती. रेणुकाला वाटलं, इथून उठावं. मुलगी सुखरूप आहे. कुणाला काही कळलेलं नाही, कळणारही नाही. गज बसवून घेता येईल. आणि हे वाटतंय हे समजलं तसा तिनं तांब्या खाली ठेवला. सकाळपासून ज्याची भीती वाटत होती ते खिडकीखाली नव्हतं. ते इथं होतं, या उंबऱ्यात, पाणी पीत बसलं होतं.

शालन परत आली. रेणुका म्हणाली, “शालनताई, ती कुंपणावरून पडली नाही. मी तिला ग्रंथालयात कोंडून गेले होते. ती आत होती आणि मी कुलूप लावलं.”

शालनचा हात तव्याकडे जाता जाता थांबला. “चुकून?”

चुकून म्हणायला वाट होती. ती वाट रुंद होती, सगळे त्याच वाटेनं जातात. रेणुकानं चैतालीकडे बघितलं. “तिनं हाक मारली होती. मला ऐकू आली होती. गाडी चुकेल म्हणून मी गेले. ऐकू आली नाही असं मीच माझं ठरवलं.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. शालननं ती उलटली, विस्तवाला लावली, फुगेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. पडवीतली पोरं मोठ्यानं हसली. मग मान वर न करता शालन बोलली.

“ही तीन वर्सांची व्हती. तुंगार्लीच्या बंगल्यावर कामाला जायचे मी. तितं पोर चालत न्हवतं. हिचा बाप सोडून गेल्याला. मंग हिला आत बसवायची, म्होरं चुरमुरं ठिवायचं न् भाईरनं कडी घालायची. लय रडायची. रस्त्यापतुर ऐकायला यायचं.”

“मग?” रेणुकाच्या तोंडून निघून गेलं.

“मग काय. वळनाच्या म्होरं न्हाई यायचं ऐकायला.”

चैताली कांदा चिरत होती. सुरीचा आवाज न चुकता, एका लयीत येत होता. हे तिला आधीपासून माहीत होतं की आत्ताच कळलं, तिच्या चेहऱ्यावरून काहीच समजत नव्हतं. ऐकून निघून गेलेल्या दोन बाया तिच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि ती मध्ये बसून कांदा चिरत होती.

“म्या वळनावरनं कदी माघारी आले न्हाई,” शालन म्हणाली. “तुमी आलाव. ते बरं केलंत.” मग पहिल्यांदाच तिनं सरळ रेणुकाच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्या नजरेत दया अजिबात नव्हती. “पर आता सांगून ठिवते बाई. पुन्यांदा असं झालं तर मी शाळंत यीन. गप ऱ्हानार न्हाई.”

“मीच सांगणार आहे सरांना. मंगळवारी. लिहून देणार आहे.”

“द्या,” शालन म्हणाली, आणि नव्या भाकरीसाठी पिठाचा गोळा घेतला.

दोन वाजून गेले होते. पुण्यात आता प्रश्नपत्रिका वाटून झाली असेल, मुली माना खाली घालून आकडे लिहीत असतील. रेणुकानं त्याचा विचार केला आणि तिला अपेक्षेइतकं दुःख झालं नाही. भीती मात्र गेली नव्हती. ती नुसती आता जागच्या जागी बसली होती. लिहून दिल्यावर संस्था काय करील, जूननंतर नोकरी राहील का, अतुलला काय सांगायचं, हे सगळं समोर होतं. आणि त्याहून जवळ, घरी तापातून उठलेली कोमल होती. संध्याकाळी ती हाक मारील तेव्हा आपल्याला ती ऐकू येईल का, आणि ऐकू आली तर आपण काय करू, हे रेणुकाला आता ठाऊक नव्हतं.

ती उठली. शालननं जेवायचा आग्रह केला नाही, जाऊ नका असंही म्हणाली नाही. चैताली तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. रिक्षा येईपर्यंत दोघी आंब्याच्या सावलीत उभ्या राहिल्या. रेणुकानं तिच्या पट्टीला हात लावला. “दुखतंय?”

“थोडं.”

“धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लागेल. मी येते उद्या, आपण तिघी जाऊ कार्ल्याच्या दवाखान्यात.”

चैतालीनं मान हलवली. मग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, “बाई, मंगळवारी लायब्ररी उगडनार न्हवं?”

“हो. उघडणार.”

“मग मी मागं न्हाई बसनार. दाराजवळ बसंन. तितनं तुमाला दिसंन मी.”

रेणुकाच्या ओठांवर आलं होतं, तसं करायची काही गरज नाही, तू हवं तिथं बस, मी रोज मागं येऊन बघत जाईन. चैताली वर बघून उत्तराची वाट पाहत होती. रिक्षा वळणावर दिसली.

“बस,” रेणुका म्हणाली. “दाराजवळच बस.”